लगतदाराची नोटीस

चाचा चहा प्यायच्या आधी कप मोजायचे. उमरग्याला हायवेच्या कडेला आमचं जमीन मोजणीचं ऑफिस आणि ऑफिससमोर चहाची टपरी. टपरीवाल्यानं कप पुढं ठेवला की चाचा अंगठा आणि तर्जनी ताणून त्याची उंची घेत, मान हलवत आणि म्हणत, "गेल्या सोमवारी एक सूत वर होता." टपरीवाला शपथेवर सांगे की कप तेच आहेत. "कप तोच आसंल बाबा, आतला चहा खाली सरकलाय," चाचा म्हणत. मग घोटभर चहा वाढवून मिळे आणि वाद मिटे.

चाचा आमच्याकडचे सगळ्यांत जुने भूकरमापक, म्हणजे साध्या भाषेत शेतं मोजणारे. मी नवा लागलो तेव्हा त्यांच्या नोकरीची तीनेक वर्षं उरली होती. ऑफिसातले साहेबसुद्धा त्यांना चाचाच म्हणत. काटकुळी उंच देहयष्टी, खिशात चार पेन्सिली, आणि चारींची टोकं अशी की त्यांच्या शेजारी बसायची भीती वाटावी. ऑफिसपासून मशिदीपर्यंत सहाशे बारा पावलं, रोजे चालू असले की सहाशे तीस, असं ते पैजेवर सांगत. लग्नाला गेले तर जेवायला बसायच्या आधी मांडव पावलांनी मोजत आणि मांडववाल्यानं वधूपित्याला किती हातांनी फसवलं ते पंगतीत जाहीर करत. त्यामुळं त्यांना बोलावणी फारशी येत नसत.

त्यांची काही ठरलेली वाक्यं होती. "सही न्हाई तवर नकाशा म्हंजे रांगोळी," हे त्यातलं एक. आम्ही शेतात पेन्सिलीनं नकाशा काढायचा, ऑफिसात येऊन त्यावर शाई फिरवायची आणि खाली सही करायची, अशी जुनी पद्धत. आता मशीन आणि संगणक आले तरी चाचा एक कच्चा नकाशा पेन्सिलीनं काढतच. "शाई सायबासाठी आसती मियाँ. खरं काय ते पेन्सिलीला ठावं," असं ते म्हणत. मला तेव्हा ती म्हाताऱ्या माणसाची हौस वाटायची.

पण त्यांचं खरं वेड म्हणजे नोटीस. एखाद्याचं शेत मोजायचं तर त्याच्या बांधाला बांध लागून असलेल्या शेजाऱ्यांना, म्हणजे लगतदारांना, आधी नोटीस द्यावी लागते. त्यांनी मोजणीला हजर राहायचं, पटलं तर सही करायची, न पटलं तर हरकत लिहून द्यायची. बाकीचे लोक नोटिशीचा कागद कुणाच्या तरी हाती देऊन मोकळे होत. चाचा स्वतः दारात जाऊन वाचून दाखवत. एकदा माकणीला धरणाकडच्या अंगाला आम्ही एक शेत मोजलं. तीन तास उन्हात काम झालं, खुणा ठोकल्या आणि बाजारातून पिशवी घेऊन एक म्हातारी आली. शेजारचा तुकडा तिचा. "मला कुणी सांगितलंच न्हाई की," एवढंच म्हणाली ती. भांडलीही नाही. चाचांनी नोटिशीची पोच काढून बघितली. अंगठा तिच्या पुतण्याचा होता. चाचांनी ठोकलेल्या खुणा उपटल्या, मशीन डब्यात घातलं आणि म्हातारीच्या हातात नवी तारीख लिहून दिली. साहेबांनी दुसऱ्या दिवशी त्यांना फैलावर घेतलं. "ज्याच्या बांधाला काम चाललंय त्याला इचारल्याबिगर केलेलं काम आपल्याला जमत न्हाई," असं म्हणून चाचा चहाला निघून गेले.

मला वाटलं, या माणसाचं एखादा स्क्रू ढिला आहे. त्या वेळी मला माझ्या स्वतःच्या स्क्रूंची कल्पना नव्हती.

त्या हिवाळ्यात दाढी करताना माझ्या बोटाला मानेच्या डाव्या बाजूला गाठ लागली. दुखत नव्हती. हरभऱ्याएवढी, जबड्याच्या खाली, जरा मागं. दहा दिवस उमरग्यातल्या डॉक्टरांच्या गोळ्या घेतल्या. गाठ होती तिथंच. डॉक्टर म्हणाले, "बहुतेक काही नसणार, पण सोलापूरला जाऊन सुईची तपासणी करून घ्या." घरी येईपर्यंत मला त्यातलं "बहुतेक" आणि "सुई" एवढंच आठवत होतं.

गेलो नाही. त्याऐवजी मी जे केलं ते फक्त मोजणीच्या खात्यातला माणूसच करू शकतो. मी गाठ मोजायला लागलो. नकाशावरचं अंतर घ्यायचं आमचं एक दोन टोकांचं डिव्हायडर असतं, ते घेऊन न्हाणीत आरशासमोर उभा राहायचो. टोकं गाठीच्या दोन काठांवर टेकवायची, मग पट्टीवर धरून आकडा घ्यायचा. त्यासाठी वेगळं फील्डबुक, म्हणजे शेतात आकडे टिपायची आमची वही, केलं. तारीख, सकाळ, संध्याकाळ, लांबी, रुंदी. चौदा बाय अकरा मिलीमीटर. एखाद्या संध्याकाळी पंधरा आले की जेवण जात नसे. दुसऱ्या दिवशी साडेतेरा आले की मी ऑफिसला शीळ घालत जाई. दाबून दाबून तिथली कातडी लाल झाली, जरा ठणकायला लागली, आणि ठणकतंय म्हणून मी आणखी घाबरलो. एसटीत पुढच्या सीटवरच्या अनोळखी माणसाच्या मानेकडं टक लावून बसायचो. मोबाईलवर शोध घ्यायचो आणि तिथं जो शब्द हमखास निघायचा तो वाचून मोबाईल उशीखाली लपवायचो. मुलगी नुकतीच बालवाडीत जायला लागली होती. तिच्या मोठ्या शाळेच्या फॉर्मवर पालक म्हणून एकटी बायको सही करते आहे, असं मला भर दुपारी डोळ्यांसमोर दिसायचं. मला मरणाची भीती वाटत होती, आणि ते बायकोला सांगायची त्याहून जास्त. एकेचाळीस दिवस मी हे असं काढलं.

एक दिवस उमरग्याजवळच्याच एका शिवारात मोजणी होती. चाचा मशीनच्या दुर्बिणीला डोळा लावून एका टोकाला, मी खुणेवर मोजणीचा खांब धरून दुसऱ्या टोकाला. दुपारी लिंबाखाली डबा सोडला तेव्हा चाचा भाकरी मोडता मोडता म्हणाले, "नऊ."

"काय नऊ?"

"सकाळधरनं नऊ डाव हात मानंला गेला तुझा. मी दुर्बिणीत खांब बघतोय आन् तू मला मान दावतोस. काय तकलीफ हाय?"

माझा बांधच फुटला. एकेचाळीस दिवसांत कुणालाही न सांगितलेलं सगळं मी भडाभडा सांगितलं. पिशवीतून ते फील्डबुक काढून त्यांच्यापुढं धरलं. "चाचा, तुमचा हात सगळ्यांत पक्का. तुम्ही एकदा मोजा. तुम्ही म्हणालात वाढली नाही, तर मी गप बसेन."

चाचांनी पहिलं पान उघडलं, मग दुसरं. त्यांचा चेहरा पडत गेला. वही मिटून त्यांनी ती माझ्याकडं ढकलली.

"मी न्हाई मोजायचा."

"का?"

"आपल्या नात्यातल्याची जमीन आपण मोजतो का? न्हाई. दुसऱ्याला देतो. का देतो? हात आपल्या बाजूनं हलतो म्हणून. मुद्दाम न्हाई हलत. आपसूक हलतो."

"पण मी कुठं तुमच्या नात्यातला?"

"तू माझा न्हाईस व्हय?" चाचा एकदम खेकसले. मग आवाज उतरला. "मी मोजलं होतं एकदा घरातलं. आठ म्हैने मोजलं." अर्धी भाकरी तशीच डब्यात ठेवून ते उठले आणि बांधावर जाऊन पाठमोरे उभे राहिले.

त्यांच्या बायकोला जाऊन सहा वर्षं झाली होती, एवढं मला माहीत होतं. गळ्याच्या दुखण्यानं गेली हे ऑफिसातल्या शिपायानं त्या संध्याकाळी सांगितलं.

परत येताना जीपमध्ये चाचा म्हणाले, "सोलापूरला जा. आन् जायच्या आधी लगतदाराला नोटीस दे."

"माझा कोण लगतदार?"

"तुझ्या बांधाला कोण हाय? बायको. तिला सांगितल्याबिगर जायचं न्हाई."

मी हसलो. चाचा हसले नाहीत. त्यांनी हात पुढं केला आणि माझं डिव्हायडर मागून घेतलं. ते त्यांनी रुमालात गुंडाळून खिशात टाकलं, पेन्सिलींच्या शेजारी.

मी बायकोला सांगितलं नाही. आज सांगू, उद्या सांगू करत तीन दिवस गेले. तिला अंगणवाडीचं काम, मुलीला खोकला, सासरे ईट गावाहून यायचे होते. न सांगायला कारणं लागतात तेवढी सगळी माझ्याकडं होती. रविवारी सकाळी दार वाजलं. दारात चाचा. ते पहिल्यांदाच आमच्या घरी येत होते, तरी आत पाऊल टाकायच्या आधी त्यांनी वितीनं चौकट मोजली. मग त्यांनी खिशातून कागद काढला आणि हात पुसत बाहेर आलेल्या माझ्या बायकोपुढं धरला. खात्याचा नमुना नव्हता, पण भाषा शब्दाला शब्द तीच होती. चाचांनी नेहमीप्रमाणं तो मोठ्यानं वाचून दाखवला:

"आपणांस कळविण्यात येते की, आपल्या हद्दीस लागून असलेल्या आपल्या यजमानांच्या मानेची, डाव्या अंगाची, निमताना मोजणी येत्या मंगळवारी सोलापूर मुक्कामी होणार आहे. तरी सदर वेळी आपण समक्ष हजर राहावे. गैरहजर राहिल्यास आपले काही म्हणणे नाही असे समजण्यात येईल."

पहिल्या मोजणीवर भरवसा नसला की वरच्या अधिकाऱ्याकडून जी दुसरी करून घेतात, तिला आमच्यात निमताना म्हणतात. बायकोला हे माझ्या बडबडीमुळं ठाऊक होतं. तिनं कागद हातात घेतला, उभ्या उभ्या स्वतः परत एकदा वाचला.

"सही कुठं करू चाचा?" ती म्हणाली.

सही करून तिनं पेन परत दिलं आणि मग माझ्याकडं बघितलं. "मला कवाच ठावं हाय. महिना झाला तुम्ही डाव्या कुशीवर झोपत न्हाईत. न्हाणीत लाईट लावून अर्धा अर्धा तास काय करता? आन् ती वही कपाटात पोरीच्या स्वेटरखाली ठेवता, ते स्वेटर मीच धुते ना?"

"मग बोलली का नाहीस?"

"तुमी कवा सांगता ते बघत होते."

चाचा तोवर पाण्याचा ग्लास तोंडाला लावत होते. तो तसाच हवेत राहिला. "तुला ठावं होतं, बेटी?" त्यांनी विचारलं.

"व्हय."

"सगळं?"

"वहीतले आकडे बघायचे की रोज."

चाचांनी ग्लास खाली ठेवला. पाणी प्यायले नाहीत, चहाला थांबले नाहीत. चप्पल घालून सरळ निघून गेले. मला वाटलं, आम्ही नवराबायको भांडणार म्हणून ते गेले. आम्ही भांडलोही. तिनं ती वही चुलीत घातली, पण आधी मला शेवटचं पान वाचून दाखवायला लावलं.

मंगळवारी आम्ही दोघं सोलापूरच्या बसमध्ये बसलो तर पुढच्या सीटवर चाचा हजर. रजेच्या अर्जात त्यांनी कारण लिहिलं होतं, "निमताना मोजणीस उपस्थित राहणे." दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी गाठ बोटांनी चाचपली, दोन्ही बाजू बघितल्या, काखा बघितल्या, वजन उतरलं का, रात्री घाम येतो का, खोकला आहे का, असं बरंच विचारलं. मला यातलं काहीच कधी सुचलं नव्हतं. मी फक्त लांबी-रुंदी घेत बसलो होतो. सुई टोचताना बायकोनं माझा हात धरला होता. दुखलं नाही फारसं. रिपोर्ट शनिवारी मिळणार होता.

ते चार दिवस मी आयुष्यात विसरणार नाही. डिव्हायडर नव्हतं, वही नव्हती, हाताला काम नव्हतं. बोट मानेकडं जायचं, तिथं सुईच्या जागेला चिकटपट्टी लागायची आणि माघारी यायचं. शेतात मी दोनदा खांब चुकीच्या खुणेवर धरला. चाचा दुर्बिणीतून बघत आणि हातानं इशारा करून मला जागेवर आणत. गुरुवारी बायको विहारात जाऊन बराच वेळ बसून आली. काय म्हणून आलीस, असं मी विचारलं नाही आणि तिनंही सांगितलं नाही.

शनिवारी चाचांसह आम्ही तिघं परत सोलापूरला गेलो. पाकीट बायकोनं उघडलं. मला ते उघडता येत नव्हतं. डॉक्टरीणबाईंनी कागद वाचून सांगितलं की वाईट पेशी दिसल्या नाहीत, टीबीचंही दिसलं नाही. गाठ कशानं आली ते या तपासणीतून नक्की सांगता येत नाही. अशा गाठी पुष्कळांना असतात. वाढली, घट्ट झाली किंवा दुसरी आली तर लगेच या, नाहीतर तीन महिन्यांनी दाखवा. "आणि सारखं दाबू नका," त्या म्हणाल्या.

बायको तिथंच खुर्चीत रडायला लागली. मला मात्र हवं होतं "काहीही नाही", आणि मिळालं होतं "दिसलं नाही." सुटल्यासारखं वाटत होतं आणि वाटतही नव्हतं. कागद घडी घालून खिशात ठेवताना माझ्या मनात तीन महिने मोजायला सुरुवात झालीसुद्धा.

सोलापूरच्या स्टँडवर उमरग्याची गाडी लागायची होती. आम्ही तिघं बाकावर बसलो. मग चाचांनी पिशवीतून एक जुनं फील्डबुक काढलं. कापडी पुठ्ठा, कडा झिजलेल्या. ते त्यांनी माझ्याकडं नाही, माझ्या बायकोकडं दिलं.

"माझ्या घरचीच्या गळ्याला गाठ होती," ते म्हणाले. "मीच मोजायचो, महिन्यातनं दोनदा. ती भ्यायची ना, म्हणून. हे शाईचे आकडे तिला दावायचो. बघ, तेवढीच हाय, वाढली न्हाई."

बायकोनं पानं उलटली. मी खांद्यावरून बघत होतो. आठ महिने, प्रत्येक पानावर निळ्या शाईत तोच आकडा. अठरा बाय बारा. अठरा बाय बारा.

"आता मागनं बघ."

प्रत्येक पानाच्या पाठीमागं पेन्सिलीनं बारीक अक्षरात दुसरा आकडा होता. वीस. तेवीस. सव्वीस. एकतीस. तो दर पानाला वाढत होता.

"मला दिसत होतं," चाचा म्हणाले. "दवाखान्यात न्यायला पायजे, हे बी कळत होतं. पर नेलं की तिला कळंल, म्हणून आज नको उद्या नेऊ. नेलं तवर उशीर झालता. तिला शेवटपर्यंत कायबी सांगितलं न्हाई मी. माकणीला तिची भैन, तिला भेटून येते म्हणायची, तर म्हणायचो, घाई काय हाय."

शेवटच्या पानावर पेन्सिलीच्या आकड्याखाली एक सही होती. शाळेत चौथीपर्यंत गिरवलेल्या मराठी अक्षरातली, वाकडीतिकडी. सहीच्या वर चाचांच्या बायकोनं लिहिलं होतं, "समक्ष हजर." लगतदार लिहितात तसंच. शेजारी मोजणाऱ्याच्या सहीची जागा मोकळी होती.

"ती गेल्यावर घावलं हे मला," चाचा म्हणाले. "म्हंजे ती बघत होती. शाई बी, पेन्सिल बी." ते माझ्या बायकोकडं वळले. "त्या दिवशी तुझ्या दारात तू म्हणालीस ना, सगळं ठावं होतं. तवापासून तुला एक इचारायचं होतं. तिला तर आता इचारता येत न्हाई. तुला राग आला होता का याचा?"

बायकोनं माझ्याकडं बघितलं नाही. "आला होता की चाचा. लई आला होता. भाकरी थापायचे ती आपटायचे."

चाचांनी मान खाली घातली. "म्हंजे तिला बी आला आसंल."

"आला आसंल," ती म्हणाली. मग तिनं वही त्यांच्या मांडीवर ठेवली आणि त्या सहीवर बोट टेकवलं. "पर तुमी इतकी वर्सं लोकांच्या सह्या घेतल्या. राग आसता आन् पटलं नसतं, तर माणूस काय करतं? हरकत लिहितं. त्यांनी हरकत न्हाई लिवली चाचा. सही केलीया."

चाचा त्या पानाकडं बघत राहिले. आजूबाजूला गाड्यांचे हॉर्न चालले होते, लाऊडस्पीकरवर तुळजापूरची गाडी पुकारत होते. त्यांनी खिशात हात घातला, चार पेन्सिलींवरून बोट फिरवलं, त्या तशाच ठेवल्या आणि माझ्यापुढं हात केला. मी पेन दिलं. त्यांनी त्या मोकळ्या जागेत शाईनं सही केली. तारीख घातली नाही. मग वही मिटून पिशवीत ठेवली.

उमरग्याची गाडी लागली. तिघांना एक बाक मिळाला. चाचांनी बाक मोजला नाही, कडेला जेवढी जागा मिळाली तेवढ्यात बसले. गाडी सोलापूरच्या बाहेर पडली तेव्हा माझा हात नकळत मानेकडं गेला. बायकोनं खिडकीतून नजर न काढता तो खाली घेतला आणि आपल्या मांडीवर धरून ठेवला.

"अकरा," चाचा डोळे मिटूनच म्हणाले. "सकाळधरनं."